पित्तनलिकेतील धातूची नळी : तरुण रुग्ण आणि ग्रामीण वैद्याचे कर्तव्य

कामला हा व्याधी आपणा सर्वांच्या नित्य परिचयाचा आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात आमच्या धावडा परिसरात कावीळ झालेला रुग्ण दिसला नाही असा आठवडा क्वचितच जातो. भोकरदन तालुक्यातील हे गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळ आणि बुलढाणा जिल्ह्याच्या सीमेलगत वसलेले आहे. येथील रुग्ण ताप आला तर कोणाकडेही जाईल, परंतु कावीळ झाली की तो वैद्याचे दार शोधतो. कामलेच्या बाबतीत लोकांचा आयुर्वेदावर असलेला हा विश्वास आपल्या शास्त्राला भूषणावह आहे, तितकाच तो आपल्यावर जबाबदारी टाकणारा आहे.

कारण या रुग्णांपैकी बहुसंख्यांची कावीळ विषाणूजन्य असते. पथ्य, विश्रांती आणि योग्य औषधी यांच्या साहाय्याने ती काही आठवड्यांत ओसरते. ती निसर्गक्रमानेही ओसरतच असते. म्हणून गळ्यात माळ घालणाऱ्याला, चुन्याच्या पाण्याने हात धुऊन कावीळ ‘उतरवणाऱ्याला’ आणि नाकात थेंब टाकणाऱ्यालाही यश मिळते. प्रश्न उरतो तो याच गर्दीत येऊन बसणाऱ्या एखाद्या वेगळ्या रुग्णाचा. त्याच्या यकृतात दोष नसतो, पित्त वाहून नेणारा मार्गच बंद झालेला असतो. हा रुग्ण विशी-तिशीतील असेल तर त्याच्यापुढे चाळीस-पन्नास वर्षांचे आयुष्य असते. अशा रुग्णाला आज शहरातील रुग्णालयात पित्तनलिकेत नळी, म्हणजे स्टेंट, बसविला जातो. काही वेळा तो धातूचा असतो. त्यानंतर हा रुग्ण गावी परततो आणि पुन्हा आपल्याच समोर येतो. त्या वेळी आपल्याला काय ठाऊक असावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शाखाश्रित कामलेची ओळख

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या सोळाव्या अध्यायात कामलेचे केलेले विवेचन या दृष्टीने आजही मार्गदर्शक आहे. कोष्ठशाखाश्रित कामलेत पित्ताची अतिवृद्धी असते. याउलट शाखाश्रित कामलेत कफाने पित्ताचा मार्ग रोधला जातो, पित्त कोष्ठात येत नाही आणि त्वचा, नेत्र, मूत्र पिवळे होत असताना मल मात्र तिळाच्या पिठासारखा फिकट होतो. हिलाच आपण व्यवहारात रुद्धपथ कामला म्हणतो. तिच्या चिकित्सेत कटु, रूक्ष, अम्ल उपचारांनी कफाचा रोध दूर करण्यास सांगितले आहे आणि उपचार कोठवर करावेत याची खूणही दिली आहे. मलाला पुन्हा पित्ताचा रंग येईपर्यंत ते करावेत, ही ती खूण होय.

या खुणेचे महत्त्व आम्हांस वारंवार जाणवते. रुग्ण डोळे दाखवतो, नखे दाखवतो, लघवीचा रंग सांगतो. मलाचा रंग मात्र आपण विचारल्याखेरीज सांगत नाही. तो एक प्रश्न विचारला की निम्मे निदान हाती येते. मल पांढुरका, मूत्र चहासारखे गडद आणि अंगाला रात्री झोपू न देणारी खाज, अशी लक्षणे एकत्र असतील तर त्याच दिवशी रक्ततपासणी व सोनोग्राफी करून घ्यावी. प्रत्यक्ष बिलिरुबिन व अल्कलाइन फॉस्फटेज यांची मोठी वाढ आणि सोनोग्राफीत फुगलेली पित्तनलिका ही रोधाची स्पष्ट चिन्हे होत. प्रौढ व्यक्तीची मुख्य पित्तनलिका साधारणतः ६ मि.मी. रुंदीची असते. रोधाचे नेमके स्थान एम.आर.सी.पी. या तपासणीत कळते.

विषाणूजन्य कावीळीतही काही दिवस मल फिकट होऊ शकतो, हे खरे. परंतु तेथे सोनोग्राफीत नलिका फुगलेली नसते. म्हणून संशय आल्यावर तपासणी टाळू नये.

तरुण वयात मार्ग का रुद्ध होतो

वृद्धांमध्ये रोधाचे कारण म्हणून कर्करोगाचा विचार प्रथम करावा लागतो. तरुणांमध्ये कारणे बहुधा सौम्य जातीची, म्हणजे अर्बुदाव्यतिरिक्त असतात. पित्ताशयातील खडा सरकून नलिकेत अडकणे हे त्यांतील नेहमीचे कारण. विदर्भात व नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेल आजारात रक्तकण सतत फुटत राहिल्याने अल्पवयातच असे खडे होतात. दीर्घकालीन स्वादुपिंडदाहाने नलिकेचा खालचा भाग आवळला जातो. यकृताच्या मुखाशी असलेल्या क्षयाच्या गाठींचा दाब, प्रतिहारिणी शिरेतील जुन्या अडथळ्यामुळे फुगलेल्या शिरांचा दाब, नलिकेत शिरलेला जंत अशीही कारणे आपल्या देशात दिसतात.

आणखी एका कारणाचा स्वतंत्र उल्लेख आवश्यक आहे, तो म्हणजे पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेत नलिकेला झालेली इजा. भारतात दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. त्यानंतर ती जिल्हा व तालुका पातळीवर पोहोचली आणि लाखो रुग्णांना तिचा लाभ झाला. दर हजार शस्त्रक्रियांत साधारण तीन ते सहा रुग्णांच्या पित्तनलिकेस इजा होते. प्रमाण अल्प आहे. परंतु शस्त्रक्रियांची संख्या मोठी असल्याने अशा रुग्णांची संख्याही दुर्लक्ष करण्याजोगी राहत नाही आणि त्यांत तरुण स्त्रिया पुष्कळ असतात. इजा झालेली जागा भरून येताना व्रणवस्तूने आक्रसते व नलिका अरुंद होते. हा परिणाम काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनीही दिसू लागतो. म्हणून पूर्वी पित्ताशय काढलेल्या रुग्णाला कावीळ झाली तर ती साधी कावीळ समजू नये.

नळी घालून मार्ग राखण्याची कल्पना

अरुंद झालेला स्रोतस् नळी घालून रुंद करावा, ही कल्पना आपल्या शल्यतंत्राला अपरिचित नाही. सुश्रुताचार्यांनी वर्णिलेल्या १०१ यंत्रांत २० नाडीयंत्रे आहेत. निरुद्धप्रकश या व्याधीच्या चिकित्सेत तर दोन्ही मुखे मोकळी असलेली, लोहाची, लाकडाची अथवा लाखेची नाडी तूप लावून आत घालावी आणि दर तीन दिवसांनी अधिक जाड नाडी घालून मार्ग वाढवावा, असा स्पष्ट विधी आहे. यावरून पित्तनलिकेतील स्टेंट प्राचीन काळी होता असा दावा आम्ही मुळीच करीत नाही. आम्हांस लक्ष वेधायचे आहे ते त्या विधीतील दोन गोष्टींकडे. नाडी कशाची असावी हे तेथे सांगितले आहे, आणि ती केव्हा बदलावी हेही सांगितले आहे. स्टेंटच्या संदर्भात यांतील दुसरी गोष्टच आज सर्वाधिक विसरली जाते.

आधुनिक पद्धतीत तोंडावाटे दुर्बीण लहान आतड्याच्या आरंभापर्यंत नेतात. तेथे पित्तनलिका जिथे उघडते त्या छिद्रातून बारीक तार वर सरकवितात, क्ष-किरणाखाली रंगद्रव्य सोडून अडथळा पाहतात आणि तारेवरून नळी बसवितात. या क्रियेस ई.आर.सी.पी. म्हणतात. छिद्राचा स्नायू दुर्बिणीतून कापून खडा काढण्याची पद्धत १९७४ मध्ये जर्मनी व जपान येथे स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाली, तर दुर्बिणीतून प्लास्टिकची नळी बसविण्याची पद्धत जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे डॉ. सोहेंद्र यांनी १९८० च्या सुमारास रूढ केली. आपल्याकडे मुंबईचे डॉ. अमित मायदेव आणि हैदराबादचे डॉ. डी. नागेश्वर रेड्डी यांनी या शास्त्रात मोठे कार्य केले आहे. मराठवाड्यातील कितीतरी रुग्ण आजही या उपचारासाठी हैदराबाद गाठतात.

प्लास्टिक की धातू?

प्लास्टिकची नळी सामान्यतः ३.३ मि.मी. जाडीची असते. तिच्या आतील बाजूस जंतूंचा थर जमतो, त्यावर पित्तातील क्षार व रंगद्रव्ये साचून गाळ तयार होतो आणि काही महिन्यांत ती तुंबते. म्हणून ती सुमारे तीन महिन्यांनी बदलावी लागते. धातूची नळी म्हणजे बारीक तारांची विणलेली जाळी असते. ती बहुधा निकेल व टायटॅनियम यांच्या नायटिनॉल या मिश्रधातूची बनवितात. घालताना ती आवळलेली असते. आत सोडल्यावर स्वतः उमलते व ८ ते १० मि.मी. रुंद होते. १० मि.मी. नळीचे तोंड क्षेत्रफळाने प्लास्टिक नळीच्या सुमारे नऊपट भरते, त्यामुळे ती अधिक काळ मोकळी राहते. १९९२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या कर्करोग रुग्णांच्या अभ्यासात प्लास्टिकची नळी मध्यमानाने १२६ दिवस, तर धातूची २७३ दिवस मोकळी राहिली.

मग तरुण रुग्णाला सरळ धातूचीच नळी का घालू नये? याचे उत्तर जाळीच्या रचनेत आहे. उघड्या जाळीच्या छिद्रांतून नलिकेचे अस्तर आत वाढते, जाळी भिंतीत रुतते आणि पुढे ती काढता येत नाही. कर्करोगाने ग्रस्त, मर्यादित आयुष्य उरलेल्या रुग्णाच्या बाबतीत ही अडचण गौण ठरते. पंचवीस वर्षांच्या रुग्णाच्या देहात मात्र ती जाळी आयुष्यभर राहील, वारंवार तुंबेल आणि पुढे शस्त्रक्रियेची वेळ आल्यास शल्यविशारदाची वाट अडवील. म्हणून सौम्य कारणाने झालेल्या रोधात उघडी जाळी वापरू नये, असा आज तज्ज्ञांचा निर्णय आहे.

यावर उपाय म्हणून संपूर्ण आच्छादित जाळी आली. तिच्यावर सिलिकॉनसारख्या पदार्थाचे पातळ आवरण असल्याने अस्तर आत शिरत नाही आणि काही महिन्यांनी ती दुर्बिणीतून ओढून काढता येते. २०१४ मध्ये अनेक देशांत मिळून झालेल्या १८७ रुग्णांच्या अभ्यासात हैदराबादचे डॉ. रेड्डी सहभागी होते. त्यांत स्वादुपिंडदाहाच्या व पित्ताशय काढलेल्या रुग्णांची नळी १० ते १२ महिन्यांनी काढावयाची होती. सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांत आकुंचन दूर झाले. अमेरिकेत झालेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ११२ रुग्णांच्या तुलनात्मक अभ्यासात बारा महिन्यांत आकुंचन दूर होण्याचे प्रमाण आच्छादित धातूच्या नळीने ९२.६ टक्के, तर एकाशेजारी एक अनेक प्लास्टिक नळ्या घालण्याच्या पद्धतीने ८५.४ टक्के होते. दुर्बिणीची क्रिया सरासरीने पहिल्या गटात २.१४ वेळा, तर दुसऱ्या गटात ३.२४ वेळा करावी लागली. अर्थात, ६ मि.मी. पेक्षा अरुंद नलिका असलेल्यांना, तसेच पित्ताशय जागेवर असून त्याचे तोंड नळीने झाकले जाईल अशांना या अभ्यासातून वगळले होते.

सारांश, आच्छादित धातूची नळी तरुणांसाठी उपयुक्त आहे; तिचे मूल्य प्लास्टिकच्या नळीच्या कित्येक पट असले तरी फेऱ्या वाचतात. परंतु ती जागची सरकू शकते, पित्ताशयाचे तोंड झाकून तेथे दाह निर्माण करू शकते, आणि ती ठरल्या वेळी काढावीच लागते. दोन्ही पद्धतींत उपचाराचा एकूण काळ सहा महिने ते वर्षभराचा असतो. नळी हे येथे काही काळाचे साधन आहे. ती बसविली त्या दिवशी चिकित्सा सुरू होते. ती काढली आणि मार्ग मोकळा राहिला, तेव्हा पूर्ण होते.

आमच्या पाहण्यातील एक रुग्ण

या संदर्भात आमच्याकडे आलेल्या एका सव्वीस वर्षांच्या विवाहितेचा उल्लेख करणे उचित वाटते. थंडी वाजून ताप, उजव्या कुशीत वेदना आणि डोळ्यांना किंचित पिवळेपणा अशी लक्षणे घेऊन ती आली. तत्पूर्वी पाच दिवस हिवताप समजून तिने गोळ्या घेतल्या होत्या. पोटावरील बारीक व्रण पाहून विचारणा केली, तेव्हा अकरा महिन्यांपूर्वी शहरात पित्ताशय काढल्याचे व नंतर कावीळ झाल्याने ‘नळी बसवल्याचे’ तिच्या सासूबाईंनी सांगितले. नळी कशाची, हे कोणालाच ठाऊक नव्हते. ‘पैसे भरले, नळी बसली, आता कायमचं काम झालं,’ अशी घरातील समजूत होती. रुग्णालयाचा इंग्रजीतील कागद पेटीतून आणविला. त्यावर प्लास्टिकचा स्टेंट असून तो तीन महिन्यांनी बदलावा, असे एका ओळीत लिहिलेले होते. ती ओळ त्या घरात कोणी वाचून दाखविली नव्हती.

थंडीताप, कुक्षिशूल आणि कामला हे त्रिक पित्तनलिकेतील जंतुसंसर्गाचे लक्षण आहे. त्यात काही तासांत रक्तदाब खालावून प्राणावर बेतू शकते. आम्ही एकही मात्रा न देता त्याच संध्याकाळी तिला छत्रपती संभाजीनगरला पाठविले. तुंबलेली नळी काढून दुसरी घालण्यात आली, पुढे आच्छादित धातूची नळी बसविली गेली. या वेळी ती काढण्याचा महिना आम्ही घरातील दिनदर्शिकेवर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून ठेवण्यास सांगितला आणि आमच्या नोंदवहीतही टिपला. त्या महिन्यात मिरचीची तोडणी जोरात असल्याने घरचे लोक ‘पुढच्या महिन्यात जाऊ’ म्हणत होते. आम्ही निरोप पाठविला आणि ती वेळेवर गेली. नळी निघाल्यावरही वर्षातून दोनदा यकृताच्या तपासण्या करण्यास तिला सांगितले आहे, कारण आकुंचन पुन्हा होऊ शकते.

जेथे नळी हा उपाय नाही

प्रत्येक रुद्धपथ कामलेत स्टेंट उपयोगी पडत नाही. काहींच्या पित्तनलिकेत जन्मतःच फुग्यासारखा विस्तार असतो. मुले व तरुण स्त्रिया यांत तो अधिक आढळतो. पुढे तेथे कर्करोग होण्याचा संभव असल्याने तो भाग शस्त्रक्रियेने काढून आतड्याशी नवा जोड देणे हाच त्यावरील उपचार आहे. नलिका पूर्ण तुटलेली असल्यासही शस्त्रक्रियाच करावी लागते. लहान मुलांत नलिका अरुंद व वाढती असल्याने धातूची नळी अगदी निवडक प्रसंगीच वापरतात.

नवजात बालकाची कावीळ तर वेगळ्याच दक्षतेची अपेक्षा करते. चौदा दिवसांनंतरही कावीळ टिकून असेल आणि मल पांढुरका असेल तर पित्तनलिका जन्मतः बंद असण्याची शंका घ्यावी. यात नळी घालण्यास मार्गच नसतो. जपानचे डॉ. मोरिओ कासाई यांच्या नावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रिया शक्यतो साठ दिवसांच्या आत व्हावी लागते. नंतर यशाची शक्यता घटत जाते. तैवानने २००४ पासून मातांना मलाच्या रंगांचे चित्रपत्रक देऊन अशी बालके लवकर शोधण्याची योजना देशभर राबविली. मलाचा रंग पाहा, हा आपल्या संहितेतील निकष तेथे कागदावर छापून घराघरांत पोहोचला. बाळाला ‘उन्हात धरा, उतरेल’ एवढेच सांगून परत पाठविण्यापूर्वी आपणही लंगोटातील रंग विचारावा.

औषधी देताना

रोध असताना पित्त आतड्यात पोहोचत नाही, त्यामुळे जीवनसत्त्व ‘के’चे शोषण घटते व रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. अशा रुग्णात देवदालीसारखे तीक्ष्ण नस्य, रक्तमोक्षण किंवा जळूचा उपयोग टाळावा. थंडीताप असलेल्या रुग्णास विरेचन देऊन वेळ दवडू नये.

दुसरा मुद्दा आरोग्यवर्धिनीचा. कावीळ म्हटली की हा कल्प हाती येतो आणि त्यातील कुटकीचे मोल आम्ही जाणतो. परंतु त्यात ताम्रभस्म आहे, आणि शरीरातील ताम्र मुख्यतः पित्तावाटेच बाहेर पडते. मार्ग बंद असताना ते यकृतात साचण्याचा धोका असतो. म्हणून रोध नाही याची खात्री होईपर्यंत हा कल्प सुरू करू नये, असे आमचे मत आहे. रोध दूर झाल्यावर, रुग्णालयातील तज्ज्ञांना कळवून, अग्निदीपन व यकृद्बल्य चिकित्सेला पुष्कळ वाव आहे. कुळथाचे कढण, ताक, लघु आहार आणि गुडूचीसारखी सौम्य द्रव्ये यांनी रुग्णाचे बल वाढविण्याचे काम आपण उत्तम करू शकतो. तुंबलेली नळी मात्र कोणत्याही काढ्याने मोकळी होत नाही.

औषधालयाच्या चालक बंधूंनाही एक विनंती आहे. आरोग्यवर्धिनीत पारद असल्याने ती वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावयाची औषधी आहे. ‘काविळीचे काहीतरी द्या’ म्हणणाऱ्या ग्राहकाला बाटली देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : मल पांढरा होतो का? थंडी वाजून ताप येतो का? पूर्वी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली किंवा नळी बसविली आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ असेल तर त्या दिवशीची विक्री सोडून द्यावी आणि रुग्णास तपासणीस पाठवावे.

नळी बसविलेला रुग्ण दिसताच आपण प्रत्येकाने एक नोंद करावी, असे आम्ही सुचवितो : नळी प्लास्टिकची की धातूची, धातूची असल्यास आच्छादित की उघडी, बसविल्याची तारीख, काढण्याची अथवा बदलण्याची तारीख आणि उपचार करणाऱ्या केंद्राचा दूरध्वनी. खर्चाची अडचण असल्यास महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली लाभ मिळतो का, याची रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करण्यास सांगावे. नळी बसविणारे हात शहरात आहेत. ती काढण्याची तारीख लक्षात ठेवणारा माणूस मात्र गावातच लागतो, आणि रुग्णाच्या सर्वांत जवळ आपण आहोत.